लोणार कोणत्या फोल्डरमध्ये आहे?

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर 32 क्रमांकाच्या धावपट्टीवरून विमान उचललं, जरा डावीकडे वळून काटोलची दिशा धरली, की पाचेक किलोमीटरवर समुद्र लागतो. संत्र्याच्या बागा नाहीत, कोंढाळीकडचं जंगल नाही, रस्ता नाही. क्षितिजापर्यंत निळं पाणी, आणि त्याचा काठ अगदी सरळ, उत्तर-दक्षिण. घरच्या कॉम्प्युटरवर एक्स-प्लेन हा विमान उडवण्याचा सिम्युलेटर, म्हणजे सिम, टाकून त्यात आपल्या भागाची जमीन बसवू पाहणाऱ्याला हा समुद्र कधी ना कधी भेटतोच. मग ठरलेला उपाय सुरू होतो: सीनरी (सिममधल्या जमिनीच्या, विमानतळाच्या फाइली) खराब निघाली, सगळी पुसा, पुन्हा डाउनलोड करा. आर्वीला किंवा पवनीला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये, हा उपाय आठवडाभराचा असतो. आणि बहुतेक वेळा त्यानं काही सुटत नाही, कारण खोट फाइलीत नसतेच.

तो सरळ काठ म्हणजे 79 अंश पूर्व रेखांश. एक्स-प्लेन जमीन वाचतो ती एक अंश बाय एक अंशाच्या चौकोनांत, म्हणजे टाइलमध्ये. आपल्या अक्षांशावर अशी टाइल उत्तर-दक्षिण सुमारे 111 आणि पूर्व-पश्चिम सुमारे 104 किलोमीटरची होते. ज्या चौकोनाची जमीन डिस्कवर सापडत नाही, तिथे सिम पाणी भरून मोकळा होतो. सोनेगावचा विमानतळ 79.05 रेखांशावर आहे, शिवेपासून जेमतेम पाच किलोमीटर पूर्वेला. दक्षिणेची शीव, 21 अक्षांश, दहा किलोमीटरवर. म्हणून ‘नागपूरची टाइल’ एकच घेऊन भागत नाही. त्याच धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून, 14 वर, उतरताना विमान वायव्येकडून, म्हणजे शेजारच्या टाइलमधून येतं. 32 वर उतरताना आग्नेयेकडून, म्हणजे खालच्या टाइलमधून. चार टाइल लागतात: +21+079, +21+078, +20+079 आणि +20+078. इन्स्टॉल करताना डेटा वाचवायला आशियाचा मूळ भूभागच वगळलेला असेल, तर या चारांपलीकडे सगळीकडे समुद्रच. त्यात सिमची चूक काही नाही.

टाइलचं नाव तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून पडतं, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी गुंतागुंत संपते. आणि तरीही लोणार फसवतंच. जिल्हा बुलढाणा, मेहकरपासून हाकेच्या अंतरावर, म्हणून लोक +20+076 बांधतात आणि मेहकरवरून दक्षिणेला निघतात. विवर येतं 19.98 अक्षांशावर. म्हणजे 20 च्या रेषेच्या अडीच किलोमीटर खाली, +19+076 या टाइलमध्ये. बरं, टाइलच्या फाइली पुन्हा दहा-दहा अंशांच्या फोल्डरांत ठेवलेल्या असतात. मेहकर +20+070 या फोल्डरमध्ये, लोणार +10+070 या फोल्डरमध्ये. फाइल कॉपी करताना ती चुकून शेजारच्या फोल्डरमध्ये पडली, तर सिम तक्रार करत नाही, फक्त ती बघत नाही. गडचिरोलीकडेही हाच प्रकार: शहर जवळजवळ 80 रेखांशावर बसलेलं, पश्चिमेची टाइल +20+070 मध्ये आणि पूर्वेची +20+080 मध्ये. गोंदिया, आमगाव, देवरी हे सगळं +20+080 मध्ये. विदर्भाचा नकाशा घेऊन त्यावर अंशांच्या रेषा पेन्सिलीनं आखाव्यात. सोळा-सतरा चौकोनांत सगळा विदर्भ बसतो. तो कागद टेबलावर असला की कोणती टाइल कुठली हे रोज नव्यानं शोधावं लागत नाही.

समुद्र नाही पण काहीतरी बिनसलंय, अशा वेळी पहिल्यांदा क्रम बघायचा. कस्टम सीनरीच्या फोल्डरमध्ये सीनरी पॅक्स डॉट आयएनआय नावाची साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक सीनरीची एक ओळ, आणि वरची ओळ खालच्या ओळीवर भारी. नियम लहान आहे पण पुरता समजून घ्यावा असा: रस्ते, झाडं, इमारती असलेले ओव्हरले एकावर एक कितीही चढतात, जमिनीच्या चढउताराचा सांगाडा म्हणजे बेस मेश मात्र एका टाइलला एकच. सिम वरून खाली वाचत जातो, पहिला बेस मेश सापडला की तो घेतो आणि त्या टाइलपुरतं त्याखालचं सगळं सोडून देतो. ऑर्थोफोटोची, म्हणजे वरून घेतलेल्या जमिनीच्या फोटोची, टाइल ही नुसती फोटो नसते, तिच्यात मेशही असतो. ती यादीत विमानतळाच्या वर बसली की विमानतळ गायब. टर्मिनल नाही, टॅक्सीवे नाही, फोटोतली सपाट धावपट्टी तेवढी दिसते. लोक मग विमानतळाची सीनरी पुन्हा डाउनलोड करतात.

योग्य क्रम असा: सगळ्यात वर स्वतंत्र विमानतळ, मग सिमबरोबर आलेले ग्लोबल एअरपोर्ट्स, मग ओव्हरले, मग ऑर्थो आणि सगळ्यात तळाशी बाकीचे मेश. लायब्ररी, म्हणजे सीनरींना लागणाऱ्या तयार वस्तूंचे संच, कुठेही असल्या तरी चालतात. नवी सीनरी टाकली की सिम तिची ओळ आपणहून यादीच्या डोक्यावर लिहितो, म्हणून नवी ऑर्थो टाइल टाकली रे टाकली की जुना विमानतळ झाकला जातो. ही फाइलच पुसून टाकली तर सिम ती वर्णक्रमानं नव्यानं लिहितो. फोटोंच्या टाइल बांधणारं ऑर्थोफोरएक्सपी हे साधन आपल्या टाइलच्या नावाला मुळातच झेड लावतं आणि ओव्हरलेच्या फोल्डरला वाय, ते याच कारणानं. ते अक्षर ‘नाव जरा नीट दिसावं’ म्हणून कुणी काढू नये.

क्रम बरोबर आहे, तरी खोट दिसते. इथून पुढे घाई नडते. धुऱ्याच्या भांडणात मोजणीदार आल्याबरोबर टेप पसरत नाही, आधी जुनी कायम खूण शोधतो. सिममध्येही तसंच करावं. यादीतल्या शंकास्पद ओळीला पुसायचं नाही, तिच्या पहिल्या शब्दापुढे डिसेबल्डची खूण जोडायची. सगळं ॲड-ऑन असं निजवून मूळ सीनरीवर सोनेगावच्या धावपट्टीवर विमान उभं करायचं. हवामान कोरडं, प्रमाण दाब. विमानतळाची नोंदलेली उंची 1,033 फूट, म्हणजे 315 मीटर. अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) त्याच्या आसपास दाखवत असेल तर पाया ठीक. मग एकेक सीनरी जागी करायची, सिम पुन्हा सुरू करायचा, त्याच जागी उभं राहून बघायचं. सीनरी चाळीस-पन्नास असतील तर एकेक कशाला, निम्म्या जाग्या कराव्यात, खोट ज्या निम्म्यात दिसेल तिचे पुन्हा दोन भाग करावेत. सहा फेऱ्यांत पन्नासातली एक सापडते.

लॉगची, म्हणजे काय वाचलं आणि काय सापडलं नाही याच्या नोंदींची, फाइल सिम दर वेळी सुरू होताना नव्यानं लिहितो, जुनी जाते. म्हणून बिघाड दिसला की सिम बंद करून आधी लॉगची प्रत बाजूला ठेवायची. तिच्यात अमुक सीनरीत अमुक वस्तू सापडली नाही अशी ओळ असेल, तर सीनरी चांगली आहे, तिला लागणारी लायब्ररी नाही. आणि सीनरीचं नावच लॉगमध्ये नसेल तर ती सिमला दिसलेलीच नाही. यातली निम्मी प्रकरणं झिपची असतात: अनझिप करताना फोल्डरच्या आत त्याच नावाचा फोल्डर होतो, आणि सिम एक पायरी आत उतरून शोधत नाही. अर्थ नॅव्ह डेटा हा फोल्डर सीनरीचं फोल्डर उघडल्याबरोबर दिसला पाहिजे. उरलेली प्रकरणं बाहेरच्या हार्ड डिस्कची. शॉर्टकट करून टाइल तिच्यावर ठेवलेल्या असतात. मध्येच कुणी पेन ड्राइव्ह लावला, डिस्कचं अक्षर एफचं जी झालं, की सगळा मेळघाट एका रात्रीत नाहीसा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला शेवटचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाकावं. फोल्डरच्या वाटेत देवनागरी नावं नकोत, आणि डेस्कटॉपच्या पोटात दहा पायऱ्या खाली तर काहीच ठेवू नये. विंडोजची 260 अक्षरांची जुनी मर्यादा अजून अनेक साधनांना आडवी येते.

आता जमिनीच्या उंचीकडे. इथे विषय खरा रंगतो.

सिममधली बहुतेक सगळी घरगुती जमीन एका मोहिमेवर उभी आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर हे अवकाशयान अकरा दिवस रडारनं पृथ्वी मोजत फिरलं; त्यातून जो उंचीचा साठा तयार झाला तो एसआरटीएम. त्याच्या फाइलीही एकेका अंशाच्या, आणि नावं पुन्हा नैर्ऋत्य कोपऱ्यावरून. बारीक जाळीत बिंदू सुमारे 30 मीटरवर, जाड जाळीत सुमारे 90 मीटरवर. बारीक फाइलीत 3,601 बाय 3,601 बिंदू, प्रत्येकाला दोन बाइट, म्हणजे फाइल बरोबर 2,59,34,402 बाइटची असायला हवी. जाड फाइल 28,84,802 बाइटची. एक बाइटही कमी नाही, जास्त नाही. डाउनलोड चालू असताना लाइन गेली, फाइल अर्धी राहिली, की टाइलच्या उत्तरेचा भाग बरा आणि दक्षिणेचा भाग सपाट किंवा सुळक्यांनी भरलेला दिसतो, कारण या फाइली उत्तरेकडून दक्षिणेकडे लिहिलेल्या असतात. प्रॉपर्टीज उघडून आकडा जुळवणं हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि ते कुणीच करत नाही.

लोणारवर या दोन जाळ्यांतला फरक डोळ्यांनी दिसतो. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. 90 मीटरच्या जाळीत काठापासून काठापर्यंत वीस बिंदू पडतात. उभी कड दोन-तीन बिंदूंत संपते, म्हणून विवर न दिसता उथळ बशी दिसते. 30 मीटरच्या जाळीत साठ बिंदू येतात आणि काठाचा उचललेला ओठ ओळखू येतो. तरीही कड बोथट वाटली तर दोष उंचीच्या फाइलीचा नाही, मेश ज्यांनी बनतो त्या त्रिकोणांचा असतो. ऑर्थोफोरएक्सपी सगळे बिंदू वापरत नाही. जमीन किती वळते ते बघून त्रिकोण कमी-जास्त टाकतं. कर्व्हेचर टॉलरन्सचा आकडा मूळचा 2 असतो. तो 1 केला की कड धारदार होते, त्रिकोणही भरमसाट वाढतात. वर्धा-हिंगणघाटच्या सपाटीवर हा आकडा खाली आणणं म्हणजे नुसता ग्राफिक्स कार्डवर बोजा. लोणारच्या आणि चिखलदऱ्याच्या टाइलला करावं, बाकीच्यांना हात लावू नये.

चिखलदऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. गाविलगडच्या उभ्या कड्यांवर तिरपं पडणारं रडार काही ठिकाणी पोचलंच नाही. अशा जागी मूळ फाइलीत −32,768 हा आकडा असतो. त्याचा अर्थ ‘माहिती नाही’. ते न समजणारं साधन तो आकडा उंची म्हणून घेतं आणि दरीत तळ नसलेली विहीर दिसते. भीमकुंडाजवळ अशी विहीर दिसली तर मेशशी झगडू नये, पोकळ्या भरलेली आवृत्ती घ्यावी. मेळघाटातल्या सागाच्या जंगलाचंही एक आहे: या रडारची लहर जमिनीपर्यंत नेहमी पोचत नाही, झाडोऱ्यातच परतते. म्हणजे जंगलाखालची जमीन काही मीटर उंच नोंदली गेलेली, आणि तिच्यावर सिम परत झाडं लावतो. जंगलाच्या कडेला शेताकडे उतरणारी जी पायरी दिसते, ती बरेचदा हीच. तिच्यावर उपाय शोधत बसण्यात अर्थ नाही.

पण तारखेचा खरा हिशेब गोसेखुर्दला होतो. वैनगंगेवरचं हे धरण पवनीजवळ. 2000 च्या फेब्रुवारीत, रडार वरून गेलं तेव्हा, जलाशय भरलेला नव्हता. उंचीच्या साठ्यात तिथे जुनी दरी आणि तिच्या तळाशी नदी आहे. फोटो मात्र नंतरचा: त्यात अथांग पाणी. आणि पाण्याची हद्द ओपन स्ट्रीट मॅप (ओएसएम) या खुल्या नकाशावरून येते, ती तिसऱ्याच वर्षाची. तीन थर, तीन तारखा. परिणाम असा की जलाशयाचं पाणी काठाकडे चढत जातं, मधला भाग खोल, कडा वर, आणि बुडालेल्या वावरांच्या जागी पाण्याला उतार. मेश बिघडला म्हणून तो दहा वेळा बांधला तरी तसाच येणार. इथे उंचीचा साठाच बदलायला हवा. कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाचा 30 मीटरचा साठा 2011 ते 2015 च्या सुमाराच्या उपग्रह-मोजणीवर उभा आहे आणि त्यात पाण्याचे पृष्ठभाग सपाट करून दिलेले आहेत. ऑर्थोफोरएक्सपीत कस्टम डीईएमच्या (स्वतः दिलेल्या उंचीच्या साठ्याच्या) चौकटीत त्या फाइलीचा पत्ता दिला की झालं.

झालं म्हणता येत नाही, कारण त्यातही एक खोच आहे. जुन्या फाइलीत 3,601 बिंदू असतात, म्हणजे शेजारच्या दोन टाइलची कडेची रांग सामाईक. कोपर्निकसच्या फाइलीत 3,600, सामाईक रांग नाही. एकेक फाइल सुटी दिली तर शिवेवर फट पडते. गोसेखुर्दचं पाणी आंभोऱ्याच्या बाजूला 21 अक्षांश ओलांडून वर जातं, त्यामुळे ती फट नेमकी पाण्यात दिसते. म्हणून शेजारच्या फाइली जीडीएएल या नकाशाच्या फाइली जोडणाऱ्या-कापणाऱ्या साधनानं आधी एकत्र जोडाव्यात आणि मग टाइल थोडी कडेबाहेर ठेवून कापावी. आणि +20+079 ला नवा साठा दिला तर +21+079 लाही तोच द्यावा. एका टाइलला एक साठा आणि शेजारणीला दुसरा, हे धोरण कुठेही अंगलट येतं.

उंचीचा साठा स्वतः जुळवणाऱ्यांसाठी अजून एक खूण. सोनेगावला अल्टिमीटर हजाराऐवजी आठशे फुटांच्या घरात दाखवत असेल आणि विमानतळाभोवतीची सगळी जमीन एकसारखी खचलेली असेल, तर फाइलीतली उंची समुद्रसपाटीपासूनची नाही, पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची आहे. भारताखाली हा फरक जगात मोठ्यांपैकी आहे. आपल्याकडे साठ-सत्तर मीटर भरतो. जमीन सगळीकडे सारखीच खाली असल्यामुळे उडताना कळत नाही, विमानतळाच्या कडेला अचानक कडा दिसतो तेव्हा कळतं.

विमानतळाभोवतीच्या कड्याला दुसरंही कारण असतं, आणि तेच जास्त वेळा खरं असतं. विमानतळ तयार करणाऱ्यानं वर्ल्ड एडिटर या सीनरी बनवायच्या साधनात ऑल्वेज फ्लॅटन (जमीन सपाट करा) चालू ठेवलेलं असतं. मग हद्दीच्या आतली जमीन एका उंचीवर सपाट आणि बाहेरची आपल्या उंचीवर. मूळ मेशवर ते खपून जातं, नव्या मेशवर ओटा किंवा खड्डा होतो. फ्लॅटन काढून बघावं. काढल्यावर धावपट्टी लाटांसारखी झाली, तर ऑर्थोफोरएक्सपीला ती धावपट्टी सापडलेलीच नाही. ते धावपट्टीखालची जमीन गुळगुळीत करतं ओपन स्ट्रीट मॅपवरच्या रेषेच्या आधारानं. नकाशात रेषा नसेल किंवा जुनी असेल तर गुळगुळीतही तेवढंच. अमरावतीच्या बेलोऱ्याला 16 एप्रिल 2025 पासून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली, धावपट्टी आता 1,850 मीटरची. पूर्वीची आखूड होती. जुना विमानतळाचा डेटा, जुना फोटो आणि नवा नकाशा एकत्र आले की एटीआर हे लहान प्रवासी विमान थांबता थांबता डांबरावरून पऱ्हाटीत जातं, आणि त्यात वैमानिकाचा दोष नसतो. नकाशातली रेषा कुणीही खातं उघडून दुरुस्त करू शकतं. मात्र दुरुस्तीनंतर ओएसएम डेटाच्या फोल्डरमधली त्या टाइलची जुनी साठवण पुसल्याशिवाय साधन नवा नकाशा आणायला जात नाही. तिथे तासन्‌तास घालवणारे बरेच आहेत.

फोटोच्या तक्रारींत रंगाची तक्रार सगळ्यात मोठी आणि तिच्यावर उपाय सगळ्यात कमी. विदर्भाचा रंग वर्षातून तीनदा पालटतो. एका टाइलचा फोटो मे महिन्याचा, नांगरून पडलेली काळी माती. शेजारचा ऑक्टोबरचा, पऱ्हाटी-तूर हिरवीगार. यवतमाळवरून दारव्ह्याकडे जाताना मध्येच जमिनीवर सरळ रेषा दिसते ती बहुधा मेशची नसते, ऋतूंची असते. फोटो पुरवणारा स्रोत बदलून बघावा, त्या एका टाइलपुरता. नाही जुळला तर सोडून द्यावं. रंग पालटणारी साधनं आहेत, पण काळ्या मातीला हिरवं करायला गेलं की रस्तेही हिरवट होतात.

भंडारा-गोंदियात रंगापेक्षा पाणी सतावतं. माजी मालगुजारी तलाव, बोड्या, आणि त्यांच्या खाली धानाच्या बांध्या. हजारो तलाव, त्यातले कित्येक नकाशात नाहीत, आणि जे आहेत त्यांची हद्द पावसाळ्यातली की उन्हाळ्यातली याचा नेम नाही. उन्हाळ्याच्या फोटोत कोरडी पडलेली बोडी, तिच्यावर सिमचं चकाकतं पाणी, हे तिथलं नेहमीचं दृश्य. ऑर्थोफोरएक्सपीतली पाण्याच्या किमान क्षेत्रफळाची मर्यादा वाढवली की लहान बोड्या पाण्याच्या यादीतून गळतात आणि फोटोतच राहतात. सरळ गोंदियाच्या टाइलला ती 0.01 चौरस किलोमीटर करून बघायला हरकत नाही. म्हणजे एक हेक्टरपेक्षा लहान पाणी फोटोवर सोडायचं. नवेगावबांधसारखे मोठे तलाव त्यानं हलत नाहीत.

काळे, पांढरे किंवा अर्धवट चौकोन मात्र शंभर टक्के दुरुस्त होतात. फोटो 4,096 बाय 4,096 पिक्सेलच्या तुकड्यांत येतो. झूम, म्हणजे फोटोच्या बारकाईची पायरी, 17 असेल तर एक तुकडा आपल्याकडे साडेचार किलोमीटरचा, एक पिक्सेल सुमारे 1.1 मीटरचा. डाउनलोडच्या ऐन मध्यावर लाइन गेली की एखादा तुकडा तुटका लिहिला जातो. पुढच्या वेळी साधन बघतं की त्या नावाची फाइल आहे, आणि पुढे जातं. म्हणून टाइल कितीदाही बांधली तरी काळा चौकोन तिथेच. त्या एका तुकड्याची डीडीएस फाइल (सिम वाचतो तो फोटो) आणि तिची मूळ जेपीजी, दोन्ही पुसायच्या. बाकीच्या पाचशे-साडेपाचशेंना हात लावायचा नाही. फाइलीच्या नावात आधी उभा आणि मग आडवा क्रमांक असतो. झूम 17 ला सोनेगावच्या धावपट्टीचा मध्य 57664_94304 या तुकड्यात येतो. पूर्वेला सरकलं की दुसरा आकडा सोळानं वाढतो, दक्षिणेला सरकलं की पहिला. यावरून पाहिजे तो तुकडा मोजून काढता येतो. फाइली आकारानुसार लावल्या तरी चालतं: चांगली डीडीएस सुमारे 11 एमबीची, त्याच झूमच्या सगळ्या सारख्या. शून्याची किंवा दोन एमबीची दिसली की तीच ती.

झूम किती ठेवावा यावर उत्साहाला लगाम हवा. झूम 16 ची टाइल साधारण दीड-पावणेदोन जीबी, 17 ची सहा, 18 ची चोवीसच्या आसपास. एक पायरी चढली की चौपट. अख्खा विदर्भ 17 ला शंभर जीबी. शहाणपणाचा मार्ग म्हणजे सगळीकडे 16 आणि विमानतळांभोवती, लोणारला, चिखलदऱ्याला 17. चार जीबी मेमरीच्या ग्राफिक्स कार्डावर 18 लावलं की सिम मेमरी वाचवायला आपणहून फोटो धूसर करतो, आणि मग लोक अजून वरच्या झूमची टाइल आणायला निघतात. फोटो उडता उडता नेटवरून ओढणारी ऑटोऑर्थोसारखी सोयही आहे, पण ती अखंड आणि वेगवान नेटसाठी. गावाच्या टॉवरवर संध्याकाळी सगळे व्हिडिओ बघत असताना तिच्या नादी लागू नये.

धूसरपणाला आपल्याकडे आणखी एक कारण, त्याला सीनरीशी घेणंदेणं नाही. एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीला टेकलेली असते. ग्राफिक्स कार्ड ऐंशीच्या पुढे गेलं की स्वतःचा वेग कमी करतं. जमीन उशिरा उमटते, विमान अडखळतं. तापमान दाखवणारं छोटं सॉफ्टवेअर चालू ठेवून बघितलं की निकाल लागतो. कॅबिनेटचं झाकण काढून कूलरसमोर ठेवण्याचा जो गावठी इलाज आहे तो करू नये. कूलरची ओल आणि उन्हाळ्याची धूळ मिळून पंख्यावर जो चिखल बसतो, तो काढायला दुकानातच जावं लागतं.

इतर सिमचं थोडक्यात. फ्लाइटगिअर फुकट आहे, जमीन टेरासिंकनं उडता उडता उतरवतो, आणि फोल्डरची नावं ई070एन20 च्या आत ई079एन21 अशी, रेखांश आधी. एक्स-प्लेनच्या सवयीनं अक्षांश आधी शोधला की सापडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये ॲड-ऑन कम्युनिटी फोल्डरमध्ये जातं. मॅनिफेस्ट आणि लेआउट या दोन जेसन फाइली सीनरीच्या फोल्डरमध्ये अगदी वरच दिसल्या पाहिजेत. आतली एखादी फाइल हातानं बदलली आणि लेआउटमध्ये तिची नोंद नव्यानं केली नाही, तर बदल झालाच नाही असं सिम वागतो. मोठ्या अपडेटनंतर जमीन विचित्र दिसली तर आधी रोलिंग कॅश, म्हणजे जमिनीची तात्पुरती साठवण, पुसावी, मग बाकी बोलावं.

बांधकामाला बसण्याआधी एक तपासणी: ऑर्थोफोरएक्सपीच्या सेटिंगमध्ये ओव्हरलेचा उगम म्हणून एक्स-प्लेनच्या ग्लोबल सीनरीचा पत्ता द्यावा लागतो. तो रिकामा राहिला की टाइल सुंदर बांधली जाते आणि तिच्यावर एकही घर, झाड, रस्ता उभा राहत नाही. आणि टाइल बांधून झाली की ऑर्थोफोटोजचा फोल्डर लगेच पुसू नये. डिस्क फारच भरली असेल तर झूम 18 चे जेपीजी आधी काढावेत. बाकीचे राहू द्यावेत, कारण उद्या उंचीचा साठा बदलला किंवा नकाशात धावपट्टी लांबली, तर मेश नव्यानं बांधताना तेच फोटो परत कामी येतात, आणि पॅकमधला एक एमबीही खर्च होत नाही. तयार टाइल पेन ड्राइव्हवर मित्राला देण्याचा मोह होतो; फोटोंचे हक्क पुरवणाऱ्या कंपन्यांचे असतात, तेव्हा त्याला उंचीची फाइल, सेटिंगची फाइल आणि रेषा आखलेला तो कागद द्यावा. टाइल त्याची त्याला बांधू द्यावी.